वाचकांचे प्रश्न : रक्तस्रावी तापांच्या साथी आणि त्यांचे आकडे

इबोला, मारबर्ग, लासा, क्रिमियन-काँगो ताप, रिफ्ट व्हॅली ताप. यांपैकी एखाद्याची साथ कुठे उद्भवली की बातम्यांतून आकडे येऊ लागतात आणि त्यांच्यामागोमाग वाचकांची पत्रे. या वेळी निवडलेले बहुतेक प्रश्न फिरून एकाच जागी येतात : हा आकडा आला कुठून? त्यामुळे उत्तरेही तिथेच जास्त रेंगाळली आहेत.

प्रश्न : एकाच साथीचे, एकाच दिवसाचे आकडे दोन ठिकाणी वेगवेगळे दिसतात. कधी तर कालच्यापेक्षा आज रुग्ण कमी असतात. एकदा मोजलेला रुग्ण कमी कसा होईल?

दोन्ही आकडे बहुधा खरे असतात, फक्त ते वेगवेगळ्या कप्प्यांतले असतात. या साथींमध्ये रुग्णांचे तीन कप्पे करतात : संशयित, संभाव्य आणि निश्चित.

संशयिताची व्याख्या मुद्दाम ढगळ ठेवलेली असते. इबोला किंवा मारबर्गच्या साथीत, अचानक ताप आलेला आणि रुग्णाच्या, मृतदेहाच्या किंवा आजारी-मेलेल्या प्राण्याच्या संपर्कात आलेला माणूस संशयित ठरतो. संपर्क ठाऊक नसला, पण तापाबरोबर डोकेदुखी, उलट्या, जुलाब, भूक मरणे, गळून जाणे, पोटदुखी, अंगदुखी, गिळायला त्रास, धाप, उचकी यांपैकी किमान तीन लक्षणे असली, तरी तो संशयितच. कारण न कळता रक्तस्राव झाला किंवा अचानक मृत्यू आला, तरीही. एवढ्या बारीक विणीच्या जाळ्यात हिवतापाचे आणि विषमज्वराचे पुष्कळ रुग्ण सापडतात. त्यांची तपासणी नकारार्थी आली की ते यादीतून वगळले जातात आणि आकडा खाली येतो. ही नोंदवहीची साफसफाई आहे. आकडा कधीच खाली येत नसेल, तर उलट तपासण्या होत आहेत ना, अशी शंका घ्यावी.

निश्चित म्हणजे प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेला रुग्ण. ही तपासणी बहुधा पीसीआरने, म्हणजे नमुन्यातील विषाणूचे जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या पद्धतीने, होते. ‘संभाव्य’ हा शब्द मात्र फसवा आहे. ऐकायला तो ‘असेल किंवा नसेल’ असा सौम्य वाटतो. प्रत्यक्षात या कप्प्यात मुख्यतः अशी माणसे असतात, जी नमुना घेण्याआधीच मरण पावली, पुरली गेली आणि ज्यांचा निश्चित रुग्णाशी संबंध मागाहून लागला. युगांडात २० सप्टेंबर २०२२ रोजी सुदान विषाणूची (ही इबोलाचीच एक जात) साथ जाहीर झाली. तिचा शेवटचा हिशेब १४२ निश्चित आणि २२ संभाव्य रुग्ण असा होता. ते २२ च्या २२ मृत होते. निश्चित रुग्णांमध्ये ५५ जण दगावले. फक्त निश्चित रुग्ण धरले तर मृत्यूचे प्रमाण ३९ टक्के येते, संभाव्य मिळवले तर ४७ टक्के. दोन बातम्यांत एवढा फरक दिसायला कुणी खोटे बोलावे लागत नाही.

म्हणून आकडा वाचताना आधी कप्पा पाहा. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात ‘अमुक तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते, तेही पाहा. बातमी आजची असली तरी माहिती चार दिवसांपूर्वीची असू शकते.

प्रश्न : रक्तस्रावासारखे ठळक लक्षण असताना हे आजार इतक्या उशिरा कसे ओळखले जातात? (परिचर्या शाखेची विद्यार्थिनी)

कारण ते लक्षण बहुतेकांत दिसतच नाही. पश्चिम आफ्रिकेतील २०१४ च्या इबोला साथीच्या पहिल्या नऊ महिन्यांतील रुग्णांचा अभ्यास झाला, त्यात अकारण रक्तस्राव साधारण १८ टक्क्यांमध्येच आढळला. ताप, थकवा, उलट्या, जुलाब हेच खरे चित्र. जिथे हिवताप रोजचाच आहे, तिथे असा रुग्ण आला की डॉक्टर आधी हिवतापाचेच औषध देणार, आणि ते चूकही नाही. संशय यायला हवा तो औषध देऊनही दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तेव्हा, किंवा एकाच घरातली, एकाच अंत्यविधीला गेलेली माणसे पाठोपाठ आजारी पडली तेव्हा. सर्वांत दुःखद खूण म्हणजे रुग्णाची देखभाल करणारी परिचारिका किंवा डॉक्टर त्याच लक्षणांनी अंथरुणाला खिळणे. पुष्कळ साथी याच खुणेवरून उघडकीस आल्या आहेत. तुमच्या शाखेतल्या माणसांनी त्याची किंमत मोजली आहे.

तपासणीतही खाचखळगे आहेत. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या तीन दिवसांत रक्तात विषाणू इतका कमी असू शकतो की पीसीआर नकारार्थी येते. अशा वेळी एका नकारावर रुग्णाला घरी धाडू नये. लक्षणांना ७२ तास उलटल्यावर पुन्हा नमुना घ्यावा. नमुन्यासाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेली, जांभळ्या टोपणाची नळी वापरतात. हेपारिनची हिरव्या टोपणाची नळी चालत नाही, कारण हेपारिन पीसीआरमध्ये अडथळा आणते. नमुना २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, तीन आवरणांत बंद करून पाठवतात.

आणखी एक चूक महागात पडते. जीनएक्स्पर्ट यंत्रावरची इबोलाची तयार तपासणी फक्त झैरे जातीचा इबोला विषाणू ओळखते. सुदान विषाणू किंवा मारबर्ग तिला दिसत नाहीत. अहवालात ‘इबोला नाही’ असे आले, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्यायचा. लक्षणे आणि संपर्क जुळत असतील, तर तो नमुना इतर विषाणूंसाठी पुढे गेलाच पाहिजे.

प्रश्न : एखाद्या खेड्यातली साथ जगाला कळते कशी? देश लपवू शकतात का?

अधिकृत वाट अशी : आरोग्य केंद्र, जिल्हा, राष्ट्रीय आरोग्य खाते, आणि तिथून जागतिक आरोग्य संघटना. या शेवटच्या टप्प्याला आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीचा आधार आहे. ही नियमावली २००५ मध्ये संमत झाली आणि १५ जून २००७ पासून लागू आहे. प्रत्येक सदस्य देशात त्यासाठी एक ठरलेला संपर्क विभाग असतो आणि तो चोवीस तास उपलब्ध असावा लागतो. तातडीच्या घटनेचे मूल्यमापन देशाने ४८ तासांत करायचे, आणि ती कळवण्याजोगी ठरली की २४ तासांत कळवायचे.

कळवण्याजोगी म्हणजे कोणती? चार प्रश्न विचारतात. सार्वजनिक आरोग्यावर परिणाम गंभीर आहे का? घटना असाधारण किंवा अनपेक्षित आहे का? दुसऱ्या देशांत पसरण्याचा मोठा धोका आहे का? प्रवास किंवा व्यापारावर निर्बंध येण्याचा मोठा धोका आहे का? दोन प्रश्नांचे उत्तर ‘हो’ आले की कळवणे बंधनकारक. इबोला, मारबर्ग आणि लासा हे ज्यांच्यासाठी ही चाळणी लावलीच पाहिजे अशा रोगांच्या यादीत नावानिशी आहेत.

लपवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही, कारण संघटनेला अनधिकृत स्रोतांची दखल घेण्याचा अधिकार याच नियमावलीने दिला आहे. कुठे कुजबुज ऐकू आली तर संघटना त्या देशाला विचारते आणि देशाने २४ तासांत निदान प्राथमिक उत्तर द्यायचे असते. ही कुजबुज टिपण्याचे काम १९९४ पासून प्रोमेड ही इंटरनेटवरची रोगवार्ता सेवा करत आली आहे. तिथे तज्ज्ञ माणसे वाचून, पारखून मजकूर पुढे पाठवतात. हेल्थमॅप संगणकाच्या मदतीने बातम्या चाळते. जागतिक आरोग्य संघटनेची स्वतःची ईआयओएस ही व्यवस्थाही खुल्या स्रोतांतून असेच संकेत वेचते.

संगणकाच्या या कामाबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. मार्च २०१४ मध्ये गिनीतल्या ‘गूढ रक्तस्रावी तापा’ची (हीच पुढे पश्चिम आफ्रिकेतील इबोलाची साथ ठरली) बातमी हेल्थमॅपने १४ तारखेला टिपली आणि जागतिक आरोग्य संघटनेची घोषणा २३ तारखेला झाली. यावरून संगणकाने नऊ दिवस आधी साथ ‘ओळखली’ असे सांगितले जाते. पण गेकेडू आणि मासेंटा इथल्या रुग्णालयांनी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी आपल्या मंत्रालयाला १० मार्चलाच कळवले होते. संगणकाने वाचली ती त्या हालचालीनंतर छापून आलेली बातमी. आणि या दोन्हींहून बोचरी गोष्ट अशी, की मागाहून शोध घेता पहिला रुग्ण डिसेंबर २०१३ मधला निघाला. हरवले ते नऊ दिवस नव्हेत, तर तीन महिने. ते हरवले संदेशवहनात नव्हे, तर जिथे माणसे मरत होती तिथे नमुना घेणारे कुणी नव्हते म्हणून. ८ ऑगस्ट २०१४ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा १,७०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. साथ संपेपर्यंत ते २८,६०० च्या वर गेले आणि ११,३०० हून अधिक माणसे दगावली.

अलीकडे ७-१-७ हा मापदंड वापरला जातो : साथ उद्भवल्यापासून ७ दिवसांत ओळखणे, १ दिवसात कळवणे, पुढच्या ७ दिवसांत पहिली आवश्यक पावले पूर्ण करणे. यातला पहिला ७ सर्वांत अवघड आहे. पैसा आणि माणसे तिथे लावली पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मारबर्गचा मृत्युदर कुठे २३ टक्के लिहिलेला असतो, कुठे १०० टक्के. विषाणू तोच ना?

विषाणू तोच. रवांडात २७ सप्टेंबर २०२४ रोजी जाहीर झालेल्या साथीत ६६ रुग्ण आणि १५ मृत्यू झाले; म्हणजे २३ टक्के. टांझानियात जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या साथीत १० रुग्ण आणि १० मृत्यू. पण टांझानियात निश्चित रुग्ण दोनच होते. बाकीचे आठ निदानाआधीच दगावलेले, संभाव्य कप्प्यातले. मेल्यावरच जे मोजले गेले, त्यांचा मृत्युदर शंभर टक्केच येणार. सौम्य आजारी पडून बरे झालेले कुणी असतील तर ते मोजणीत आलेच नाहीत. रवांडातले बहुतांश रुग्ण आरोग्य कर्मचारी होते, ते लवकर सापडले आणि त्यांना अतिदक्षता उपचार मिळाले. दोन्ही आकडे दोन साथींचे वर्णन करतात. विषाणूचा अंगभूत गुण यांतला एकही सांगत नाही.

साथ चालू असतानाचे गणित तर आणखी घसरडे. समजा १०० रुग्ण आहेत, ३० दगावले, २० बरे झाले, ५० अजून खाटेवर आहेत. ३० भागिले १०० केले तर ३० टक्के येतात. हे कमी आहे, कारण त्या पन्नासांतले काही दगावणार आहेत. ज्यांचा निकाल लागला तेवढेच धरले, म्हणजे ३० भागिले ५०, तर ६० टक्के. हेही बहुधा जास्त आहे, कारण मृत्यू लवकर येतो आणि सुटी उशिरा मिळते. २०१४ च्या साथीत दाखल झाल्यापासून मृत्यू सरासरी सुमारे ४ दिवसांत, तर सुटी सुमारे १२ दिवसांनी, असे अंतर होते. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतो. एकच टक्केवारी छापणाऱ्याने भागाकार कशाने केला हे सांगितले नसेल, तर ती वापरू नका.

प्रश्न : साथ आटोक्यात येते आहे की नाही, हे एकाच आकड्यावरून ओळखायचे झाले तर कोणता पाहावा?

नव्या रुग्णांपैकी किती जण आधीच संपर्क यादीत होते, तो.

रुग्णसंख्या भूतकाळ सांगते. इबोलात एका रुग्णाची लक्षणे सुरू होणे आणि त्याच्यापासून लागण झालेल्याची लक्षणे सुरू होणे यांत सरासरी सुमारे १५ दिवस जातात. आज केलेल्या कामाचा परिणाम आलेखात दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. एका आठवड्यात रुग्ण कमी झाले म्हणून सुटकेचा श्वास टाकता येत नाही. कदाचित रस्ता बंद झाला असेल, प्रयोगशाळेतले रसायन संपले असेल किंवा लोक रुग्णालयात यायला घाबरत असतील.

संपर्क यादी वर्तमान सांगते. प्रत्येक रुग्णाच्या घरातली, त्याला उचलणारी, धुणारी, तपासणारी माणसे नोंदून त्यांची २१ दिवस रोज विचारपूस करतात, ताप पाहतात. नवा रुग्ण या यादीतलाच निघाला, तर साखळी हातात आहे. तो लगेच वेगळा काढला जातो आणि पुढे फार जणांना लागण होत नाही. नवा रुग्ण यादीबाहेरचा निघाला, तर कुठेतरी एक साखळी अंधारात वाढते आहे. दहा नव्या रुग्णांपैकी दहाही यादीतले असणे हे दोनच नवे रुग्ण सापडून दोघेही अनोळखी असण्यापेक्षा चांगले लक्षण आहे. पहिल्या नजरेला हे उलटे वाटते, पण क्षेत्रावर काम करणारे लोक याच क्रमाने काळजी करतात.

यादीचा दर्जाही पारखावा लागतो. ‘९५ टक्के संपर्कांचा पाठपुरावा झाला’ असे वाचून भुलू नये. एका रुग्णामागे दोन-तीनच नावे असतील, तर ती यादी घाईत किंवा भीतीपोटी आखडलेली आहे. भरल्या घरात आणि अंत्यविधीत एवढी कमी माणसे संपर्कात येत नाहीत. लोक नावे का लपवतात हेही समजून घ्यायला हवे : नाव दिले की कामधंदा बुडतो, शेजारी तोडतात, कधी पोलीस दारात येतात. संपर्कातल्या कुटुंबाला २१ दिवस धान्य आणि रोजी मिळाली, तर यादी आपोआप खरी होते.

याच्या जोडीला घरी झालेले मृत्यू पाहा. रुग्णालयाबाहेर दगावलेल्यांच्या तोंडातील लाळेचा नमुना घेऊन तपासतात. त्यांत होकार येत राहिला, तर यादी कितीही नीटनेटकी दिसो, तिच्याबाहेर साथ चालू आहे.

प्रश्न : साथ संपली असे जाहीर करण्याआधी ४२ दिवस थांबतात. ४२ दिवसच का? आणि तेवढे थांबूनही साथ परत का येते?

इबोलाचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, २ ते २१ दिवसांचा. त्याची दुप्पट म्हणजे ४२. मोजणी शेवटच्या निश्चित रुग्णाच्या दोन तपासण्या लागोपाठ नकारार्थी आल्यापासून किंवा त्याच्या दफनापासून सुरू होते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या कसाई प्रांतात ४ सप्टेंबर २०२५ ला जाहीर झालेल्या साथीत शेवटचा रुग्ण १९ ऑक्टोबरला घरी गेला आणि १ डिसेंबरला समाप्ती जाहीर झाली. मध्ये एक नवा रुग्ण निघाला असता तर गणती पुन्हा शून्यापासून. समाप्तीनंतरही ९० दिवस जादा दक्षता ठेवतात.

परत येण्याचे कारण म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या शरीरात काही ठिकाणी, उदाहरणार्थ वीर्यात, विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. १४ जानेवारी २०१६ रोजी पश्चिम आफ्रिकेतील साथ थांबल्याचे जाहीर झाले आणि लगोलग सिएरा लिओनमध्ये नवा रुग्ण निश्चित झाला. २०२१ मध्ये गिनीत पुन्हा इबोला आला, तेव्हा विषाणूची जनुकीय रचना २०१४ ते २०१६ च्या विषाणूशी इतकी जुळणारी निघाली की तो प्राण्यांतून नव्याने आला नसून माणसातच वर्षानुवर्षे दडून राहिला असावा, असा निष्कर्ष काढावा लागला. बऱ्या झालेल्यांना यासाठी दोष देणे क्रूरपणाचे आहे. त्यांना नियमित तपासणी, सल्ला आणि मान मिळाला, तरच ते तपासणीला येत राहतात.

प्रश्न : प्राण्यांकडे पाहून आधी इशारा मिळू शकतो का?

रोगानुसार उत्तर बदलते. रिफ्ट व्हॅली तापात मिळतो, आणि उत्तम मिळतो. पूर्व आफ्रिकेत अतिवृष्टीने सखल भाग तुंबले की मातीत सुकून पडलेली एडिस डासांची अंडी उबतात, त्यांतल्या काहींत विषाणू आधीच असतो. मग मेंढ्यांचे गर्भपात एका झपाट्याने सुरू होतात आणि त्यानंतर माणसे आजारी पडतात. समुद्राचे तापमान, पाऊस आणि उपग्रहांनी टिपलेला जमिनीवरचा हिरवा रंग यांवरून २००६-०७ च्या साथीचा इशारा दोन ते सहा आठवडे आधी देता आला होता.

क्रिमियन-काँगो तापात नेमके उलटे. गुरे-मेंढ्यांच्या अंगात विषाणू काही दिवस असतो, हायलोमा जातीचे गोचीड तो पसरवतात, पण जनावर आजारी दिसत नाही. तिथे पहिला इशारा बहुधा माणूसच ठरतो : गुराखी, खाटीक किंवा त्यांना तपासणारा डॉक्टर. पीतज्वरात दक्षिण अमेरिकेतली हाउलर माकडे मरतात आणि धोक्याची घंटा देतात. आफ्रिकेतली माकडे बहुधा मरत नाहीत. गॅबन आणि काँगोच्या सीमेवर २००१ ते २००३ दरम्यान गोरिला आणि चिंपांझींचे मृतदेह इबोलाची पूर्वसूचना ठरले होते.

प्रश्न : नायजेरियात लासा तापाचे रुग्ण दर आठवड्याला असतातच. मग ती साथ म्हणायची का?

लासा तिथे मुरलेला आजार आहे. मास्टोमिस जातीच्या उंदरांतून तो येतो आणि साधारण डिसेंबर ते एप्रिल उसळतो. म्हणून मागच्या आठवड्याशी नव्हे, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी तुलना करा. शिवाय तपासलेल्यांपैकी किती टक्के होकारार्थी निघाले ते पाहा. तपासण्या वाढल्याने रुग्ण वाढले असतील तर हे प्रमाण सहसा स्थिर राहते किंवा घटते. तेही वाढत असेल तर काळजी खरी.

प्रश्न : अभ्यासासाठी मला एखाद्या साथीची नोंद स्वतः ठेवायची आहे. तक्ता कसा करू? (सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी)

प्रत्येक अहवालाला एक ओळ द्या आणि जुनी ओळ कधीही खोडू नका. सुधारित आकडा आला तर नवी ओळ करा; आकडे मागाहून कसे बदलत गेले, हीसुद्धा माहितीच आहे. रकाने असे ठेवा : अहवालाची तारीख, माहिती कोणत्या तारखेपर्यंतची, निश्चित, संभाव्य, संशयित, प्रत्येक कप्प्यातले मृत्यू वेगळे, बाधित आरोग्य कर्मचारी, बाधित जिल्हे, नोंदलेले संपर्क, त्या दिवशी भेट झालेले संपर्क, नव्या रुग्णांपैकी यादीतले किती, तपासलेले नमुने, आणि अहवाल कुणाचा.

आलेख काढताना शक्य तिथे लक्षणे सुरू झाल्याची तारीख वापरा, नोंद झाल्याची नव्हे. त्यात शेवटचे दोन आठवडे नेहमीच उतरते दिसतात, कारण त्या दिवसांत आजारी पडलेले पुष्कळ जण अजून सापडायचे असतात. तेवढा भाग करड्या रंगात ठेवा आणि त्यावरून काही बोलू नका. आठवड्यांचे आकडे जुळवताना आठवडा कधी सुरू होतो ते तपासा. काही देश सोमवारपासून मोजतात, काही रविवारपासून. दोन स्रोतांचे आकडे कधीही बेरजेने जोडू नका. तेच रुग्ण दोनदा येतात.

आणि जिथे अहवालात माहितीच दिलेली नाही, तिथे शून्य लिहू नका, रकाना मोकळा सोडा. ‘आज एकही मृत्यू नाही’ आणि ‘आज मृत्यूंची माहिती आली नाही’ या दोन अगदी वेगळ्या ओळी आहेत, पण तक्त्यात शून्य पडले की त्यांतला फरक कायमचा पुसला जातो.